मदत हवी आहे: मध्ययुगीन अभ्यासाच्या एम.ए.मध्ये पुरालिपिशास्त्राला 46 गुण, पदवी अडेल का?

शाईदौत

नमस्कार. मी मध्ययुगीन अभ्यास या विषयात एम.ए. करत आहे. पुरालिपिशास्त्राच्या, म्हणजे जुनी हस्ताक्षरे वाचण्याच्या शास्त्राच्या (पॅलिओग्राफीच्या) परीक्षेत मला 46 गुण मिळाले आहेत. बाकीच्या दोन निबंधांना 66 आणि 68 आहेत. हँडबुकात या विषयासमोर 'उत्तीर्ण होणे आवश्यक' असे लिहिले आहे आणि चार ओळी खाली कमी गुणांच्या भरपाईचा नियमही दिला आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे मला कळत नाही. कार्यालयाला दोनदा ईमेल पाठवला, तर उत्तरादाखल त्याच हँडबुकाची लिंक आली. प्रबंधिकेचा (डिसर्टेशनचा) विषय शुक्रवारपर्यंत कळवायचा आहे. सरासरी साठ असताना एका परीक्षेमुळे पदवी अडते का, एवढेच कुणीतरी नक्की सांगावे.

वाटसरू

आपण देश सांगितलेला नाही, त्यामुळे नक्की उत्तर देणे कठीण आहे. गुणांवरून ब्रिटन असावे असे धरून लिहितो. तिथे एम.ए. 180 श्रेयांकांचे (क्रेडिटचे) असते. त्यांपैकी साधारण 120 वर्गातल्या मॉड्यूलांचे आणि 60 प्रबंधिकेचे असतात. उत्तीर्ण होण्याची रेषा 50, मेरिट 60 आणि डिस्टिंक्शन 70 अशी बहुतेक ठिकाणी असते. चाळीस ते एकोणपन्नास गुणांचे एखादे मॉड्यूल बाकीच्या चांगल्या गुणांच्या आधारे मान्य करण्याची सोय पुष्कळ विद्यापीठांत आहे, पण ज्या मॉड्यूलासमोर 'उत्तीर्ण होणे आवश्यक' असे लिहिलेले असते त्याला ती सोय सहसा लागू होत नाही. म्हणजे आपल्या हँडबुकातली दोन्ही वाक्ये खरी असू शकतात: पहिले त्या विषयापुरते, दुसरे बाकी सगळ्यांसाठी. आता मला सांगा, मॉड्यूल किती श्रेयांकांचे आहे, आणि 46 हे पूर्ण मॉड्यूलाचे गुण आहेत की फक्त परीक्षेचे?

दूरदेशी

मी उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीविषयी सांगतो. टोरांटोच्या मध्ययुगीन अभ्यास केंद्रात एम.ए.साठी लॅटिनची पहिल्या पातळीची स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, निबंध कितीही चांगले असले तरी. माझे स्पष्ट मत आहे की आपण आधी लॅटिन पक्के करावे. वाक्यरचना डोक्यात बसली की पुढचा शब्द कोणता असणार हे आपोआप कळते आणि अक्षर वाचणे सोपे होते. पुरालिपिशास्त्राची भीती बहुतांशी लॅटिनचीच भीती असते.

बखरवाचक

मी मोडी शिकलो तेव्हा पहिले तीन महिने एकही ओळ सलग लागत नव्हती. रोज एक पान, ठरावीक वेळी, समोर अक्षरांचा तक्ता ठेवून वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच पान तक्ता न ठेवता वाचायचे, हा एकच उपाय मला लागू पडला. आपल्यासाठी ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराचे मोफत ऑनलाइन धडे आहेत. जुने हस्ताक्षर वाचण्याचे वेगळे आणि लॅटिनचे वेगळे. आजच सुरू करा.

पानगळ

बखरवाचक, आपला रोज एका पानाचा सल्ला अगदी योग्य आहे, परंतु त्या धड्यांबाबत एक दुरुस्ती करते. हस्ताक्षराचे धडे 1500 ते 1800 या काळातल्या कागदपत्रांचे आहेत, म्हणजे मध्ययुग संपल्यानंतरचे. लॅटिनचे धडे मात्र 1086 ते 1733 या काळाचे आहेत आणि ते खरोखर उपयोगी पडतील.

दूरदेशी यांच्याशी मी सहमत नाही. लॅटिन चांगले असूनही वाचन अडते. चौदाव्या शतकातल्या गॉथिक अक्षरात 'मिनिमुम' (minimum) हा शब्द म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या पंधरा उभ्या रेघा असतात: प्रत्येक म च्या तीन, प्रत्येक इ ची एक, न च्या दोन, उ च्या दोन. कुठली रेघ कुठल्या अक्षराची, हे व्याकरण सांगत नाही. त्यासाठी डोळाच तयार व्हावा लागतो. शाईदौत, परीक्षकांनी उत्तरपत्रिकेवर काय शेरा दिला आहे, तो जसाच्या तसा इथे लिहाल का?

शाईदौत

हे सगळे सांगायची गरज आहे असे मला वाटले नव्हते. ब्रिटनमध्येच आहे, एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम. मॉड्यूल 20 श्रेयांकांचे आणि सक्तीचे आहे. 46 हे परीक्षेचे गुण आहेत. परीक्षेला मॉड्यूलात 60 टक्के भार आहे आणि उरलेले 40 टक्के एका हस्तलिखिताच्या वर्णनाला आहेत, जे मे महिन्यात द्यायचे आहे.

लॅटिन मी पदवीला तीन वर्षे शिकलो आहे आणि भाषांतराच्या प्रश्नात मला चांगले गुण आहेत. गुण गेले ते मजकूर उतरवण्यात. शेरा असा आहे: 'उमेदवाराने लेखकाचे शुद्धलेखन न सांगता सुधारले आहे आणि संक्षेप न दाखवता सोडवले आहेत.' मूळ पानावर 'एक्लेसिए' हा शब्द शेवटी साध्या 'इ' (e) अक्षराने लिहिलेला होता. मी तो व्याकरणाप्रमाणे 'ए-इ' (ae) अशी दोन अक्षरे घालून लिहिला. बरोबर रूप लिहिल्याबद्दल गुण कसे जातात, हे मला अजूनही पटलेले नाही.

वाटसरू

म्हणजे पदवीचा प्रश्न अजून उभाच राहिलेला नाही. 46 चे साठ टक्के म्हणजे 27.6. पन्नासपर्यंत पोहोचायला 22.4 हवेत, आणि ते चाळीस टक्क्यांतून मिळवायचे तर मे महिन्यातल्या कामाला 56 गुण लागतील. निबंधांत 66 आणि 68 मिळवणाऱ्याला ते अशक्य नाही. एकच गोष्ट तपासा: 'उत्तीर्ण होणे आवश्यक' ही अट मॉड्यूलाला आहे की त्याच्या प्रत्येक घटकाला. घटकाला असेल तर फेरपरीक्षा द्यावी लागेल. फेरपरीक्षेचे गुण बहुधा पन्नासलाच थांबवतात आणि ती प्रबंधिकेच्या ऐन दिवसांत येते. साठ श्रेयांकांची प्रबंधिका म्हणजे हिशेबाने सहाशे तासांचे काम आहे, त्यातून फेरपरीक्षेसाठी वेळ काढणे सोपे नाही.

पानगळ

गुणांचा हिशेब वाटसरूंनी केला आहे. मी त्या 'एक्लेसिए'बद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळी अडचण त्या एका शब्दात आहे.

जुन्या लॅटिनमध्ये तिथे 'ए-इ' अशी दोन अक्षरे होती. पुढे लेखक दुसऱ्या अक्षराखाली एक छोटी शेपटी काढून काम भागवू लागले. अकराव्या आणि बाराव्या शतकांत हे शेपटीचे अक्षर पुष्कळ दिसते. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेपटीही गळत गेली आणि नुसते 'इ' उरले. म्हणजे दोन अक्षरे आहेत, शेपटी आहे की साधे अक्षर आहे, यावरून ते पान साधारण कोणत्या काळात लिहिले असावे याचा एक धागा हाती लागतो. आपण तो शब्द सुधारलात तेव्हा तो पुरावाच पुसला गेला. 'मिही'ऐवजी 'मिखी' आणि 'निहिल'ऐवजी 'निखिल' अशी रूपे मध्ययुगीन लेखक नेहमी लिहीत असत. ती चूक नव्हे, ती त्यांची रीत होती. लेखकाने काय लिहायला हवे होते हे परीक्षकाला ठाऊक आहे; त्याने काय लिहिले, ते त्याला तुमच्याकडून हवे आहे.

संक्षेपांचेही तसेच. 'प' च्या खाली उतरणाऱ्या दांड्याला आडवी रेघ असेल तर 'पेर', पोटाची रेघ डावीकडे वळून दांड्याला छेदत असेल तर 'प्रो', आणि डोक्यावर रेघ असेल तर 'प्रे'. हे सोडवताना आपण भरलेली अक्षरे कंसात घाला किंवा अधोरेखित करा, म्हणजे शाईतले किती आणि आपले किती हे वाचणाऱ्याला दिसेल. कापेल्ली यांचा 1899 मध्ये प्रथम निघालेला संक्षेपकोश जवळ ठेवा. आपले लॅटिन चांगले आहे म्हणूनच हात आपोआप सुधारणा करतो. ती सवय दोन आठवड्यांत मोडता येते.

बखरवाचक

कालनिर्णयाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मोडी पत्रावरच्या सुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीतल्या कालगणनेत, इसवी सन काढायला 599 किंवा 600 मिळवावे लागतात आणि दिवस पक्का करायला जंत्री लागते. इंग्लंडच्या कागदांतही राजाच्या राज्यवर्षावरून तारीख काढावी लागते. पहिल्या एडवर्डची वर्षे 20 नोव्हेंबर 1272 पासून मोजतात. त्यामुळे त्याच्या विसाव्या वर्षातला सेंट मायकेलचा सण, 29 सप्टेंबर, हा 1292 मधला; पण त्याच विसाव्या वर्षातला सेंट अँड्र्यूचा सण, 30 नोव्हेंबर, हा 1291 मधला.

दूरदेशी

माहिती उत्तम आहे, परंतु धागाकर्त्यांनी तारखांविषयी विचारलेलेच नाही. शुक्रवार जवळ येत आहे, आपण प्रबंधिकेच्या विषयाबद्दल बोलूया. माझ्या मते छापील आवृत्ती उपलब्ध असलेला विषय घ्यावा. वाचनातली चूक प्रबंधिकेत गेली तर त्यावर उभारलेले सगळे विवेचन डळमळीत होते.

पानगळ

तारखा हस्तलिखिताच्या वर्णनात लागतातच, त्यामुळे बखरवाचकांचे उदाहरण वाया जाणार नाही. विषयाबाबत माझे मत उलट आहे. मूळ साधने स्वतः वाचून केलेल्या मांडणीला परीक्षक आणि बाह्य परीक्षक निश्चितच किंमत देतात. फक्त आवाका लहान ठेवावा. शाईदौत, विषय नेमका काय ठरवला होता?

शाईदौत

एका मठाच्या दानपत्रांच्या नोंदवहीवर, तेराव्या शतकातल्या. 46 पाहिल्यावर तो सोडून छापील इतिवृत्तांवर जावे असे ठरवत होतो.

आज हँडबुकाचे परिशिष्ट वाचले. अट मॉड्यूलाला आहे, घटकाला नाही. परीक्षा देणे तेवढे सक्तीचे आहे. म्हणजे मे महिन्यात 56 हवेत. काल रात्री परीक्षेतलेच पान पुन्हा उतरवायला घेतले आणि भरलेली अक्षरे कंसात घातली, तेव्हा पहिल्या सहा ओळींत अकरा कंस झाले. परीक्षेत यातला एकही दाखवला नव्हता. पानगळ, 'एक्लेसिए'चे आता पटले.

विषय तोच ठेवतो, पण पूर्ण नोंदवहीऐवजी बारा दानपत्रे घेऊन त्यांचा उतरवलेला मजकूर परिशिष्टात देतो. परिशिष्ट शब्दमर्यादेत धरतात का?

वाटसरू

आपली शब्दमर्यादा किती आहे?

शाईदौत

पंधरा हजार.

पानगळ

मूळ मजकुराचे परिशिष्ट बहुतेक ठिकाणी मर्यादेबाहेर ठेवतात, पण भाषांतर आणि टिपा कधी कधी मोजतात. शुक्रवारी विषय कळवताना त्याच ईमेलमध्ये मार्गदर्शकांना हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बारा दानपत्रांत साक्षीदारांच्या लांबलचक याद्या असतील, त्या गाळू नका. तारीख नसलेल्या दानपत्राचा काळ बहुधा त्या नावांवरूनच काढावा लागतो.