मिन्स्कीच्या पुस्तकाने न्यूरल नेटवर्क मागे ढकललं का?

उंबरठा: एआयचं आज एवढं कौतुक चाललंय, पण ज्या न्यूरल नेटवर्कवर (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावर बेतलेली, उदाहरणांतून शिकणारी रचना) ते उभं आहे ते १९६९ साली जवळपास गाडलं गेलं होतं. फ्रँक रोझेनब्लाट या अमेरिकी संशोधकाचा परसेप्ट्रॉन, म्हणजे न्यूरल नेटवर्कचं सुरुवातीचं साधं रूप, १९५८चा. त्याच्या 'मार्क वन' यंत्राला ४०० फोटोसेलचा डोळा होता आणि ते उदाहरणं बघून आकार ओळखायला शिकायचं. १९६९मध्ये एमआयटीच्या मार्विन मिन्स्की आणि सीमोर पॅपर्ट यांनी 'परसेप्ट्रॉन्स' हे पुस्तक काढलं आणि एका थराच्या (थर म्हणजे कृत्रिम पेशींची एक रांग) परसेप्ट्रॉनला साधं एक्सॉरही जमत नाही हे सिद्ध केलं. (जिन्यातला दिवा घ्या. वर एक बटण, खाली एक. एकच दाबलं तर लागतो, दोन्ही दाबली तर विझलेलाच. एक्सॉर म्हणजे एवढंच.) झालं, पैसा आटला. १९७१मध्ये रोझेनब्लाट स्वतःच्या ४३व्या वाढदिवशी बोटीच्या अपघातात गेला, उत्तर द्यायलाही कोणी उरलं नाही. माझ्या मते मिन्स्कीने प्रतिस्पर्ध्याचा काटा काढला. दोघं न्यूयॉर्कच्या एकाच शाळेतले, हेही सांगून ठेवतो.

गणूमास्तर: शाळा मध्येच कुठून आली? पुस्तकातलं गणित चूक होतं का ते बोला. नव्हतं. बोभाटा आधी कोणी केला? १९५८मध्ये अमेरिकी नौदलाच्या हवाल्याने न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, लिहील, स्वतःसारखी यंत्रं जन्माला घालेल. प्रत्यक्षात आयबीएम ७०४ या संगणकावर खूण डावीकडे की उजवीकडे, एवढंच ओळखून दाखवलं होतं!

उंबरठा: गणित एका थराचं होतं. अनेक थरांचा विस्तारही वांझच ठरेल, हा निव्वळ त्यांचा अंदाज, आणि तोही पुस्तकात लिहिलाय. लोकांनी सिद्धता आणि अंदाज एकाच मापाने मोजले.

रानजाई: तुम्ही दोघं अमेरिकेबाहेर पडणार आहात का? फिनलंडच्या सेप्पो लिनाइन्माने बॅकप्रॉपगेशनमागचं (उत्तरातली चूक मागे पोचवून अनेक थरांना शिकवायची पद्धत) गणित १९७०मध्ये प्रबंधात मांडलं. जपानच्या कुनिहिको फुकुशिमाचा निओकॉग्निट्रॉन, आकार ओळखणारं अनेक थरांचं नेटवर्क, १९८०चा. काम चालूच होतं.

गणूमास्तर: तेच म्हणतोय. १९८६मध्ये रुमेलहार्ट, हिंटन, विल्यम्स यांचा लेख 'नेचर'मध्ये आला, बॅकप्रॉपगेशन सगळ्यांना कळलं. तरी ॲलेक्सनेटला, म्हणजे चित्रं ओळखणाऱ्या अनेक थरांच्या नेटवर्कला, २०१२ उजाडलं. त्याला नावं लावलेली सुमारे १२ लाख चित्रं आणि गेम खेळायची दोन जीपीयू (ग्राफिक्सची) कार्डं लागली. यातलं १९६९मध्ये काय होतं? पुस्तक आलं नसतं तरी गाडी तिथेच अडली असती.

उंबरठा: यंत्रं तोकडी होती ना? मग नियम लिहून बुद्धी घडवू म्हणणाऱ्यांनाही तीच यंत्रं होती. तरी १९६३मध्ये आर्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संस्थेने एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅक या संगणक प्रकल्पाला २० लाख डॉलरच्या वर दिले, मिन्स्कीचा गट त्यातलाच. तोकडेपणाची शिक्षा एकालाच का?

गणूमास्तर: प्रोजेक्ट मॅकमध्ये टाइमशेअरिंगचंही (एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची सोय) मोठं काम होतं, सगळी रक्कम एआयच्या खात्यावर मांडू नका. आणि रोझेनब्लाटला नौदलाचा पैसा मिळत होता, तो कुठल्या खात्यावर?