शब्दचर्चा : लात्व्हियाचे नेमबाज, की बरकंदाज?

अनुवादक : पहिल्या महायुद्धात झारच्या बाराव्या सैन्यातून लढलेल्या लात्व्हियन पलटणींवरील एका लेखाचे मी भाषांतर करीत आहे. या सैनिकांना 'स्ट्रेल्निएकी' म्हणत. मी 'नेमबाज' असे लिहिले होते. नेमबाज म्हटल्यावर वाचकाला ऑलिंपिकचे पदक आठवते, असे कारण देऊन संपादकांनी ते खोडले आणि 'रायफलधारी' केले. मला त्या शब्दातून बँकेच्या दाराशी बसलेला पहारेकरीच दिसतो. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

मोडीवाचक : संपादकांची शंका रास्त आहे, उपाय मात्र फसला आहे. रशियन भाषेत 'स्त्रेला' म्हणजे बाण, आणि लात्व्हियन भाषेत धनू राशीलाही 'स्ट्रेल्निएक्स' हाच, या सैनिकांचाच शब्द आहे. म्हणजे धनुष्य जाऊन बंदूक आली तरी नाव तेच राहिले. आपल्याकडे तिरंदाज, गोलंदाज, बरकंदाज ही मालिका तयारच आहे. बरकंदाज म्हणजे बंदूकधारी शिपाई : 'बर्क' म्हणजे वीज आणि 'अंदाज' म्हणजे फेकणारा. बेलाशक बरकंदाज लिहावे.

देशीकार : बखरीतील फारसी आणखी किती दिवस वाहायची? नेमबाज हा स्वच्छ मराठी शब्द आहे.

मोडीवाचक : नेम आपला असेल, पण त्यातील 'बाज' हा दगाबाज आणि पतंगबाज यांच्याच घरचा, म्हणजे फारसीच आहे. सोवळे अर्धेच झाले.

कृष्णाकाठ : माझी आजी, दारात कोणी ताटकळत उभा राहिला की, "बरकंदाजासारखा काय उभा राहिलास?" असे विचारी. तिच्या लेखी बरकंदाज म्हणजे वसुलीला आलेला कचेरीतला शिपाई. त्याला वीज फेकताना कोणी पाहिले नव्हते.

अनुवादक : 'अंदाज'वरून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. माझ्या लेखातील लढाईत या पलटणींची ज्या टेकडीसाठी जर्मनांशी निकराची झुंज झाली, तिचे नाव 'लोझमेतेय्कल्न्स', म्हणजे मशीनगनची टेकडी. 'लोदे' म्हणजे गोळी, 'मेतेय्स' म्हणजे फेकणारा आणि 'कल्न्स' म्हणजे टेकडी. म्हणजे लात्व्हियन लोकांनी मशीनगनला नाव दिले तेही आपल्या गोलंदाजाच्याच घडणीचे! आपल्या गोलंदाजाने मात्र तोफ सोडून क्रिकेटचा चेंडू हाती घेतला आहे. ही टेकडी रशियात तेव्हा चालणाऱ्या जुन्या पंचांगाप्रमाणे २५ डिसेंबर १९१६ रोजी हाती आली. नवे पंचांग तेरा दिवस पुढे असल्याने जर्मनांच्या लेखी ती ७ जानेवारी १९१७ होती. म्हणून शीर्षकात 'नाताळच्या लढाया' ठेवले आहे, आणि त्यावर तरी संपादक गप्प आहेत. मजकुरात पुढे असे आहे : तोफांचा भडिमार न करता, पांढरे झगे चढवून, बर्फातून काटेरी तारा तोडीत शिपाई 'जर्मन खंदकांवर' चालून गेले.

मोडीवाचक : खंदक कसे? ती टीरेलची दलदल. तेथे हातभर खणले की पाणी लागते, म्हणून जर्मनांनी ओंडके आणि माती रचून जमिनीवरच भिंत उभारली होती. खंदक खाली खणतात, ही वर रचलेली. त्याला 'दमदमा' हा नेमका शब्द आहे.

देशीकार : दमदमा वेढा घालणारा उभारतो, तोफा चढवण्यासाठी. येथे तर तो बचाव करणाऱ्यांचा आहे. 'मोर्चा' म्हणा.

कृष्णाकाठ : मोर्चा म्हटल्यावर वाचकाला जर्मन शिपाई फलक घेऊन कलेक्टर कचेरीवर निघालेले दिसतील. आणि दलदल तरी कशाला? आमच्या शिवारात पाणी साचून बिघडलेल्या जमिनीला 'चिबड' म्हणतात.

मोडीवाचक : चिबड पिकाच्या जमिनीला होते, कालव्याचे पाणी जास्त झाले की ऊस पिवळा पडतो, ते चिबड. हजारो वर्षे शेवाळ कुजून साठलेल्या भूमीला तो शब्द कसा चालेल?

कृष्णाकाठ : आमच्या ओढ्याकाठी कधीच ऊस नव्हता, तरी त्या तुकड्याला चुलते चिबडच म्हणत. त्यात एकदा आमचा बैल पोटापर्यंत रुतला होता.

अनुवादक : 'दमदमा' लिहून मजकूर पाठवला होता. संपादकांनी त्याभोवती वर्तुळ काढून समासात 'म्हणजे?' असे विचारले आहे. 'रायफलधारी' अजून तसाच आहे.