‘ग्राहक’, ‘विरोधक’ की ग्राहीरोधक?

प्रश्न : चेतासंस्थेवरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘अल्फा-बंगारोटॉक्सिन हे निकोटिनिक रिसेप्टरचं अँटॅगॉनिस्ट आहे’ या वाक्यावर अडलोय (बंगारोटॉक्सिन म्हणजे मण्यार सापाच्या विषातलं एक द्रव्य). ‘ग्राहक’ लिहिलं तर गिऱ्हाईक डोळ्यांपुढे येतं, ‘विरोधक’ लिहिलं तर विधानसभा. काय लिहावं?

उत्तर : रिसेप्टरला ‘ग्राही’ लिहा. गुणग्राही, सारग्राही हे शब्द आपल्या तोंडात आहेतच. घेणारा, धरणारा हा अर्थ इथे चपखल बसतो, कारण हे प्रथिन चेतातंतूंचा निरोप नेणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन धरतं आणि मग त्यातली वाहिनी, म्हणजे विद्युतभारित कण जाण्याची वाट, उघडते.

‘निकोटिनिक’पाशी मात्र वाचक हमखास फसतो. या ग्राहीत निकोटिन नसतं. निकोटिनही तिथे बसून अ‍ॅसिटिलकोलीनचंच काम करतं, म्हणून हे नाव. ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी 1914 साली अ‍ॅसिटिलकोलीनच्या परिणामांचे निकोटिनसारखे आणि मस्करिन या अळंबीतल्या विषासारखे असे दोन गट केले, तिथून ते आलं. पहिल्यांदा ‘निकोटिनला प्रतिसाद देणारा ग्राही’ असं फोडून सांगा, पुढे खुशाल ‘निकोटिनिक ग्राही’ लिहा.

‘विरोधक’ नकोच. त्यातून उलट काम केल्याचा भास होतो. बंगारोटॉक्सिन उलट काही करत नाही, ते अ‍ॅसिटिलकोलीनची जागा अडवून बसतं आणि वाहिनी बंदच राहते. म्हणून ‘ग्राहीरोधक’. किती घट्ट बसतं? चमकणारा रंग जोडलेलं हे विष उंदराच्या श्वासपटलाच्या स्नायूवर घालतात, मग तो पुन्हा पुन्हा धुतात. सूक्ष्मदर्शकाखाली काळोखात चेतातंतू आणि स्नायू जिथे भेटतात नेमके तेवढेच ठिपके उजळलेले असतात, वेटोळ्या नक्षीचे. बाकीचं सगळं वाहून गेलेलं असतं.

प्रश्न : त्याच लेखात मेकॅमिलामाइन हे औषधही आहे. त्यालाही ग्राहीरोधकच म्हणू?

उत्तर : ढोबळ अर्थाने चालेल, पण मी ‘वाहिनीरोधक’ लिहीन. ते अ‍ॅसिटिलकोलीनच्या जागी बसत नाही, उघडलेल्या वाहिनीत शिरून ती तुंबवतं. बंगारोटॉक्सिन म्हणजे कुलपात मोडून राहिलेली किल्ली, मेकॅमिलामाइन म्हणजे मोरीत अडकलेला बोळा. मेकॅमिलामाइन 1950च्या दशकात रक्तदाबावरचं औषध म्हणून आलं. ते रक्तातून मेंदूत पोचतं, म्हणून निकोटिनच्या व्यसनावरच्या प्रयोगांत वापरतात. बंगारोटॉक्सिन 74 अमिनो आम्लांचं प्रथिन, ते तसं आत जात नाही. शिवाय ते सगळ्याच निकोटिनिक ग्राहींना धरत नाही. स्नायूंवरचे ग्राही धरतं, मेंदूतले अल्फा-7 प्रकारचेही धरतं, पण मेंदूत भरपूर असलेले अल्फा-4 बीटा-2 प्रकारचे सोडून देतं. तेव्हा भाषांतरात ‘सर्व’ हा शब्द घुसू देऊ नका.

आणखी एक, नावाबद्दल. ‘बंगारोटॉक्सिन’ हे मण्यारीच्या ‘बुंगारस’ या प्रजातिनामावरून आलं आणि त्याच्या मुळाशी तेलुगू ‘बंगारू’, म्हणजे सोनं. कन्नडमध्येही सोन्याला बंगारच म्हणतात. पिवळ्या पट्ट्यांच्या मण्यारीला ते शोभतं. पण तैवानमध्ये 1963 साली चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी ज्या मण्यारीच्या विषातून हे वेगळं काढलं, ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. सोन्याचा लवलेश नाही, नाव मात्र तेच.

प्रश्न : मग सरळ ‘मण्यारविष’ लिहिलं तर?

उत्तर : तेवढं नका करू. त्याच विषात बीटा-बंगारोटॉक्सिनही असतं आणि ते ग्राहीला शिवतसुद्धा नाही, चेतातंतूच्या टोकावरच घाला घालतं.