रशिया एक झाला, पण कोणाच्या जिवावर?

मुसाफिर (धागाकर्ता)
इव्हान तिसरा (राज्यकाल १४६२ ते १५०५) म्हणजे रशियन भूमी एकत्र करणारा राजा, आणि १४८० साली उग्रा नदीकाठी तातार (रशियन संस्थानांकडून खंडणी घेणाऱ्या मंगोल खानांचं) सैन्य माघारी गेलं तेव्हा रशिया गुलामीतून सुटला, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला ती पटत नाही.

मॉस्को मोठं झालं ते तातारांची चाकरी करून. १३२७ साली त्वेर या शेजारच्या रशियन संस्थानातल्या लोकांनी खानाच्या माणसांविरुद्ध उठाव केला. मॉस्कोचा इव्हान कलिता (इव्हान तिसऱ्याचा पूर्वज) खानाकडे गेला, तातार फौजेसोबत परतला आणि त्वेरची धूळधाण झाली. पुढे महाराजपदाची सनद त्यालाच मिळाली. इतर संस्थानांकडून खंडणी गोळा करून खानाला पोचवायची, हे काम मॉस्कोने पिढ्यान् पिढ्या केलं.

म्हणून माझ्या लेखी खरं वळण १४८० नव्हे, १४७८. नोव्हगोरोद या उत्तरेकडच्या व्यापारी शहर-राज्यात 'वेचे' नावाची नगरसभा होती. तिथला राजा करार करून बोलावलेला असे, आणि करार मोडला तर त्याला घालवतही. भूर्जपत्रांवरच्या शेकडो चिठ्ठ्या तिथे उत्खननात सापडल्यात: उधारी, तक्रारी, घरगुती निरोप, काही बायकांनी पाठवलेल्या. १४७८ साली अशा शहराची सभा इव्हान तिसऱ्याने बंद केली आणि सभेची घंटा उतरवून मॉस्कोला नेली. जमीनदारांना हुसकून त्यांच्या जमिनी लष्करी चाकरीच्या बोलीवर आपल्या माणसांना वाटल्या. याला मी एकीकरण म्हणणार नाही. हा मुलूख जिंकून घेणं झालं.

दुर्बीण
साफ असहमत. नोव्हगोरोदची लोकशाही तुम्ही फारच गोड रंगवली आहे. पंधराव्या शतकात तिथली सगळी पदं मोजक्या बोयार (बड्या सरदार-जमीनदार) घराण्यांच्या हातात होती. १४७१च्या शेलोन नदीवरच्या लढाईत मॉस्कोची फौज संख्येने कमी होती, तरी नोव्हगोरोद हरलं. तिथल्या आर्चबिशपच्या पथकाने महाराजाच्या, म्हणजे इव्हानच्या, सैन्यावर चालून जायलाच नकार दिला. नोव्हगोरोदच्या मार्फा बोरेत्स्काया या बड्या घरच्या बाईच्या गटाने लिथुआनियाचा राजा काझिमिर याच्याशी संधान बांधलं होतं. त्या गटासाठी सामान्य माणसाने का मरावं?

आणि फुटीची किंमत विसरू नका. १४२५ ते १४५३ मॉस्कोच्याच घराण्यात गादीवरून यादवी चालली. इव्हानच्या बापाचे डोळे काढले १४४६ साली, चुलतभावाच्या माणसांनी. इव्हान तेव्हा सहा वर्षांचा होता. अशा घरात वाढलेला माणूस एकच सत्ता हवी म्हणतो यात नवल नाही.

उग्रावर मोठी लढाई झाली नाही हे खरं. पण तातारांचा अहमद खान ज्याची वाट पाहत होता तो काझिमिर आलाच नाही, कारण इव्हानचा मित्र, क्रिमियाचा खान मेंगली गिराय, काझिमिरच्या मुलखात घुसला होता. त्याच वर्षी बंड करून उठलेल्या दोन सख्ख्या भावांनाही इव्हानने समजावून परत आणलं. माणसं न मारता शत्रू परतवणं मला तरी मोठं काम वाटतं.

जुन्नरी
आमच्या जुन्नरचा धागा यात आहे म्हणून लिहितो. १४७०च्या आसपास अफानासी निकितिन नावाचा व्यापारी चौलला उतरला आणि पावसाळाभर जुन्नरला राहिला. तो त्वेरचा, म्हणजे त्या काळी मॉस्कोबाहेरच्या वेगळ्या संस्थानाचा. तरी त्याने टिपणांत प्रार्थना केली ती त्वेरसाठी नाही, रशियन भूमीसाठी: तिच्यासारखी भूमी जगात नाही, तिथले सरदार अन्यायी असले तरी, तिथे न्याय नांदो.

घरी पोचण्याआधीच तो स्मोलेन्स्कजवळ वारला. टिपणं १४७५ साली मॉस्कोत आली आणि १४८५ साली त्याचं त्वेरही मॉस्कोने घेतलं. तेव्हा मुसाफिर, सगळं वरून लादलं गेलं असं नाही, आपण एक आहोत ही भावना लोकांत आधीपासून होती. आणि दुर्बीण, ती भावना मॉस्कोने निर्माण केलेली नाही.

मुसाफिर
जुन्नरी, हे फार मोलाचं लिहिलंत. पण त्याने मागितलेला न्याय मिळाला का? १४९७च्या कायदेसंहितेने कुळाला जमीनदार सोडायची मुभा वर्षातून फक्त दोन आठवडे ठेवली, २६ नोव्हेंबरच्या आधीचा आणि नंतरचा, तेही घरभाडं चुकवून. चाकरीच्या बोलीवर जमिनी वाटल्या, मग त्या कसायला हात बांधून ठेवणं आलंच.

दुर्बीण
त्याच संहितेने न्यायाधीशांना लाच घ्यायला बंदी केली, हेही सांगा. कुळांची वाट कायमची बंद झाली १६४९ साली, त्याचं पाप इव्हानच्या माथी कसं? तिजोरीत रोकड नसलेल्या राज्याने जमिनी न देता घोडदळ पोसायचं तरी कशावर?

मुसाफिर
व्यापारावर! हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांची नोव्हगोरोदला शतकानुशतकं वखार होती. फर आणि मेण तिथून बाहेर जायचं, बदल्यात चांदी यायची. १४९४ साली ती वखार बंद करून, माल जप्त करून व्यापाऱ्यांना कैदेत टाकलं ते इव्हाननेच.