एमजीबी १९७०: घाटानंतर गरम इंजिन धरत नाही, त्यात ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल), वर वेबर कार्ब्युरेटर लावायचा सल्ला

घाटवाट_७०:
नमस्कार मंडळी. गाडी एमजीबी मार्क २, १९७० ची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसी, पाच बेअरिंगचं इंजिन, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर, त्यांच्या जेटमधल्या (पेट्रोल सोडणाऱ्या भोकातल्या) निमुळत्या सुया एफएक्स. डिस्ट्रिब्यूटर लुकास २५डी४, अजून पॉइंटवरच, म्हणजे ठिणगी यांत्रिक संपर्कावर.

थंड इंजिन अर्ध्या चोकवर लगेच सुरू होतं. खंबाटकी चढून वर दहा-पंधरा मिनिटं थांबलं की मात्र स्टार्टर नुसता फिरत राहतो. पेट्रोलचा वास येतो, पण इंजिन धरत नाही. अर्ध्या तासाने आपोआप ठीक. शिवाय २५०० ते ३००० आरपीएमच्या दरम्यान हलक्या थ्रॉटलवर झटके बसतात. प्लग काढले तर पांढरट. तापमानाचा काटा मधोमध असतो, म्हणजे गाडी तापत नाही.

मेकॅनिकचं म्हणणं: एसयू काढा, एकच वेबर ४५ लावा, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि इलेक्ट्रिक पंखा बसवा. यातलं खरोखर गरजेचं काय?

अर्धाइंची_पाना:
ही दोन वेगळी दुखणी आहेत. चालताना मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), आणि उभी राहिल्यावर पेट्रोलचा पूर. दोन्हींना ई२० हातभार लावतंय, पण उपाय वेगळे आहेत.

आधी गरम इंजिनचं. एमजीबीत इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच, डाव्या बाजूला, आणि कार्ब एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण मॅनिफोल्ड तापलेलाच. ती धग वर चढते, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं आणि जेटमधून इनलेटमध्ये उतरतं. अशा वेळी चोक ओढला किंवा अॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबला तर काही साधत नाही, एसयूला अॅक्सिलरेटर पंप नसतोच. चोक पूर्ण आत ठेवा, अॅक्सिलरेटर तळाला टेकवून धरा आणि सलग आठ-दहा सेकंद स्टार्टर फिरवा. हवा भरपूर गेली की पूर ओसरतो आणि इंजिन धरतं. असं धरलं तर निदान पक्कं.

तरीही धरलं नाही तर तिथेच एक प्लग काढा. ओला असेल आणि ठिणगी जोरदार असेल तर पेट्रोलचा दोष. ओला आहे पण ठिणगी मरतुकडी आहे, तर कंडेन्सर किंवा रोटर. हल्ली मिळणारे बरेच कंडेन्सर गरम झाले की दगा देतात, आणि वर रिव्हेट मारलेल्या रोटरमधून ठिणगी आतल्या आत शाफ्टला जाते. बिनरिव्हेटचा रोटर घ्या. प्लग कोरडा निघाला तर इग्निशन चालू करून मागच्या एसयू पंपाची टिकटिक ऐका. भराभर वाजून मंद होत थांबली पाहिजे. थांबतच नसेल तर पंप हवा ओढतोय किंवा फ्लोटची नीडल बंद होत नाहीये. कार्बकडची नळी काढून बाटलीत धरा, मिनिटाला अर्धा लिटरपेक्षा कमी आलं तर आधी पंप आणि त्याची जाळी बघा.

उपाय या क्रमाने:

फ्लोटची पातळी. फ्लोट चेंबरचं झाकण उलटं धरा, नीडल बंद असताना फ्लोट आणि झाकण यांत ३.२ मिमीचा ड्रिल आडवा सरकला पाहिजे. फट कमी असेल तर पातळी जास्त आहे, आणि पूर येणारच.

हीट शील्ड. कार्ब आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या पत्र्याला मॅनिफोल्डच्या बाजूने इन्सुलेशनचा थर असतो. बऱ्याच गाड्यांत तो गळून नुसता पत्रा उरलेला असतो. जुना थर अॅस्बेस्टॉसचा असू शकतो, तो कोरडा खरवडू नका. नवीन शील्ड किंवा सिरॅमिक फायबरची शीट लावा. काळे इन्सुलेटर ब्लॉक दोन्ही कार्बना आहेत ना तेही बघा. कुणीतरी ते काढून नुसतं गॅस्केट ठोकलेलं असण्याची शक्यता कमी नाही.

आता झटके. कार्बला हात लावण्याआधी बाकीचं जागेवर आणा, नाहीतर इग्निशनचा दोष कार्बमध्ये शोधत बसाल. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर ०.०१५ इंच. बेरीज नऊ हा हिशोब: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा उघडा तेव्हा दुसरा, असं पुढे. पॉइंट ०.०१५ इंच, प्लग ०.०२५ इंच. ठिणगीचं टायमिंग स्थिर, म्हणजे इंजिन बंद असताना, १० अंश. मग व्हॅक्युम नळी काढून, तोंड बंद करून, ३५०० आरपीएमच्या आसपास टायमिंग लाइटने बघा, एकूण ३२-३३ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. या वर्षीच्या इंजिनवर खुणा पुलीच्या खालच्या बाजूला आहेत, त्यामुळे गाडी खड्ड्यावर घ्यावी लागेल.

मग कार्ब. एअर फिल्टर काढा, दोन कार्बमधल्या दांड्याचे क्लॅम्प सैल करा. प्रत्येक कार्बचा पिस्टन बोटाने वर उचलून सोडा, खाली बसताना टक् असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. आला नाही तर जेट मध्यावर नाही, ते आधी. जेट कार्बच्या तोंडातल्या पुलाशी (उंचवट्याशी) समतल करून जेटचा नट बारा पैलू, म्हणजे दोन फेरे, खाली. इंजिन पूर्ण गरम करून दोन्हींची हवा सारखी करा. मग लिफ्टिंग पिनने पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन लगेच पडायला लागलं तर लीन, किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. एका वेळी एकच पैलू फिरवा. कार्बच्या डॅम्परमध्ये २० ग्रेडचं तेल. पातळ तेल घातलं तर अॅक्सिलरेटर दाबताक्षणी इंजिन गचका खातं, आणि लोक ते लीन समजून जेट फिरवत बसतात.

इतकं करूनही २५०० च्या पुढे झटके राहिले तर सुई बदलायची. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या तुलनेत ई२० ला त्याच हवेसाठी आकारमानाने साधारण ७ टक्के जास्त इंधन लागतं. जेट खाली केल्याने ते सगळीकडे सारखं मिळत नाही, आयडलला गरजेपेक्षा जास्त आणि वर गरजेपेक्षा कमी मिळतं. ०.०९० च्या जेटमध्ये सुई जिथे ०.०८४ इंच जाड आहे तिथे ७ टक्क्यांसाठी ती फक्त ०.०००४ इंच बारीक लागते, आणि जिथे ०.०७२ आहे तिथे ०.००१४. एसयूच्या तक्त्यात एफएक्सशेजारी ठेवून अशी सुई निवडा. पॉलिश पेपरने घासून बारीक करायचे सल्ले मिळतील. दोन्ही सुया सारख्या घासल्या जाणं अशक्य आहे, त्या फंदात पडू नका.

नळी_आणि_क्लिप:
वरचं सगळं मान्य, पण सुईच्या आधी नळ्या. जुनं रबर ई२० मध्ये फुगतं, मऊ पडतं, आणि त्याचे काळे कण थेट फ्लोट नीडलवर जाऊन बसतात. तुमचा पेट्रोलचा वास तिथूनही येत असेल. बाहेरून नळी छान दिसते म्हणून सोडू नका, वाकवून बघा, बारीक भेगा दिसतील. एसएई जे३० आर९ असं छापलेली पाव इंची नळी घ्या, पंपाजवळचे तुकडेही बदला. फ्लोटची नीडल व्हायटॉन (इथेनॉलला टिकणारं रबर) टोकाची. एचएस४ च्या जेटला जी नायलॉनची बारीक नळी फ्लोट चेंबरकडे जाते तिच्या टोकाला रबरी ग्लँड असतो, तो कडक झाला की थेंब थेंब गळतो, आणि खाली गरम एक्झॉस्ट आहे. जेट मागवताना पुढचं आणि मागचं वेगवेगळं मागवा, नळ्यांची लांबी वेगळी असते.

टाकीला पूर्वी आतून सीलंट मारलेलं असेल तर तेही तपासा. जुनी सीलंट इथेनॉलमध्ये सुटून त्याच्या पापड्या पंपाच्या जाळीत अडकतात.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हे घरी कळतं. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी, त्यावर ९० मिली पेट्रोल, हलवून दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही, २७-२८ च्या आसपास गेला तर ई२०. हे उघड्यावर करा, स्वयंपाकघरात नको. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर असं बिनइथेनॉलचं पेट्रोल भरूनच ठेवा. ई२० हवेतलं पाणी शोषतं, आणि पुरेसं पाणी झालं की वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं पंप जिथून ओढतो तिथे.

जुनं_ते_मूळ:
बदलांबद्दल माझं मत. वेबर ४५ ने मूळ (स्टॉक) सिलिंडर हेडवर हाती काही लागत नाही. नवा मॅनिफोल्ड, नवं लिंकेज, एअर फिल्टरला जागा नाही, आणि जेटिंगसाठी डायनो (ताकद मोजायचं यंत्र) नाही मिळाला तर आज आहे त्यापेक्षा वाईट चालेल. उष्णतेचा प्रश्नही तसाच, कारण वेबरसुद्धा त्याच एक्झॉस्टच्या वर बसणार. जास्त ताकद हवी असेल तर पैसा हेडमध्ये घाला. हेड उतरवाल तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कठीण सीट बसवून घ्या. भारतात २००० पासून सगळं पेट्रोल शिशाविना आहे, मूळ सीटवर व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. दर तपासणीत एक्झॉस्टच्याच फटी घटलेल्या दिसल्या तर समजून घ्या.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन चालेल, मॉड्यूल डिस्ट्रिब्यूटरच्या आत बसतं, बाहेरून काही दिसत नाही. तुमची गाडी निगेटिव्ह अर्थची (बॅटरीचं ऋण टोक बॉडीला), तसंच किट घ्या. कॉइलचा रोध किटला जुळतो का ते मीटरने मोजा. पॉइंट आणि कंडेन्सरचा जुना सेट मात्र डिकीत असू द्या, मॉड्यूल गेलं की रस्त्यात दुरुस्त होत नाही.

इलेक्ट्रिक पंख्याची घाई नको. काटा मधोमध असेल तर रेडिएटर पुरेसा आहे. एक फायदा खरा, की इंजिन बंद केल्यावरही तो तीन-चार मिनिटं चालू ठेवता येतो आणि कार्बची धग कमी होते. तेवढंच हवं असेल तर थांबल्यावर बॉनेट उघडा, फुकट आहे.

आणि नोंदणीचा विचार करा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि व्हीए अक्षरांची नंबरप्लेट मिळते, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. शिवाय अशा नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही. ती करायची असेल तर बॉडीला भोकं पाडणारा कुठलाही बदल टाळा आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा.

घाटवाट_७०:
सर्वांचे आभार. शील्ड काढून पाहिली, नुसता पत्रा आहे. मागच्या फ्लोटची फट दीड मिमी निघाली. एक शंका: दोन कार्बची हवा मोजायला मीटर नाही, कानावर भागेल का?

अर्धाइंची_पाना:
भागेल. सव्वा फूट रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं कार्बच्या तोंडाशी दोन्हीकडे एकाच जागी, एकाच कोनात धरा. फूत्कार सारखा येईपर्यंत आयडलचे स्क्रू फिरवा. पंख्याच्या पट्ट्यापासून बाही आणि नळी लांब ठेवा. क्लॅम्प आवळताना दोन्ही थ्रॉटल एकदमच उघडतात ना ते बघा, बहुतेकदा आवळतानाच बिघडतं. फ्लोट नायलॉनचा असेल आणि त्याला धातूची पट्टी असेल तर फट वाढवायला ती पट्टीच हलकेच वाकवा, फ्लोट दाबू नका. अखंड नायलॉनचा असेल तर वाकवायला काही नसतं, नीडलच्या सीटखाली वॉशर घाला.