'आलोच पाच मिनिटांत' म्हणून जाणारी माणसं

खडकीकर :
परवा बाबांचं वर्षश्राद्ध झालं. ॲम्युनिशन फॅक्टरीत छत्तीस वर्षं, भोंगा व्हायच्या आत सायकल गेटवर, ओव्हरटाइम लागला की आमची फी वेळेवर भरली जायची. एवढं राबून माणूस संध्याकाळी घरी टेकेल, तर नाव नको. 'आलोच पाच मिनिटांत' म्हणून दूध आणायला जायचे ते दीड तासाने परत, सोबत कोणीतरी पाहुणा आणि दूध विसरलेलं. कपाट आवरताना त्यांची डायरी सापडली, त्यात आख्ख्या गल्लीचे रक्तगट, कोणाच्या पोरीचं बारावीचं सेंटर कुठं आलंय, कोणाचा सिलिंडर संपत आलाय, सगळं लिहिलंय. आम्हा दोघा भावांचे वाढदिवस कुठंच नाहीत. ते पाठ असतील असं धरून चालतोय. तुमच्याकडेही असा कोणी असेल तर लिहा, आईला वाचून दाखवतो.

नदीकाठ :
माझे आजोबा. पुण्यात शनिवार पेठेत एका छापखान्यात कंपॉझिटर होते, म्हणजे शिशाची अक्षरं, खिळे म्हणायचे त्यांना, जुळवायचं काम. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाणी ओसरल्यावर छापखान्यात नुसता गाळ आणि गाळात सगळे खिळे. आजोबांनी आजीची पिठाची चाळणी नेली (ती परत आली नाही, आजी मरेपर्यंत ऐकवायची) आणि कित्येक दिवस ते खिळे धूत बसले. अंधारात बोटाने चाचपून उलटा 'क' ओळखायचे म्हणे, काने वेगळे, वेलांट्या वेगळ्या. आमची स्वतःची खोली चिखलात होती, पण यांनी मालकाकडून उचल घेतली ती शेजारच्या बिऱ्हाडांना शिधा आणायला. पुढं सगळेच गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेलो आणि तिथंही आठवड्याभरात आजोबांना सगळे नावानिशी ओळखत होते.

टिंगटिंग :
वडील पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बसवर कंडक्टर, तिचं पीएमपीएमएल व्हायच्या आधीच रिटायर झालेले. रोजचे पॅसेंजर आमच्या ताईच्या लग्नाला आले होते, हॉलच्या दारात यांनी सवयीने 'पुढं सरका, पुढं सरका' केलं. घरातून निघताना जिन्याच्या कठड्यावर नाणं दोनदा वाजवायचे. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. त्यांना वैकुंठ स्मशानभूमीत घेऊन निघालो तेव्हा त्यांच्या जुन्या ड्रायव्हरकाकांनी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि मग गाडी सुटली.

पेठेतली सून :
सगळं खरं हो, पण चहा कोण करत होतं ते पण लिहा की. माझे सासरे मंडईत गाळ्यावर, पहाटे चारला उठायचे, कष्टाला नाव ठेवायला जागा नाही. पण बोलका माणूस घरात असला की बाईच्या कमरेचे काटे ढिले. आम्ही भवानी पेठेत राहायचो, पालखी मुक्कामाला आली की हे न सांगता दहा-बारा वारकरी घेऊन वर यायचे आणि खालूनच ओरडायचे, सूनबाई, पिठलं टाक! एका वर्षी मी रागाने टाकलंच नाही. तर स्वतः परातीत पीठ घेऊन बसले, भाकरी थापली ती गुजरातच्या नकाशासारखी, आणि वारकऱ्यांना म्हणाले आमच्याकडे अशीच करतात. मला हसू आलं आणि हरले. आता पालखीत कोणी वर येत नाही, पीठ मात्र मी जास्तच दळून आणते.

किकमार :
आमच्या मामाची चेतक स्कूटर. नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबलेला, आणि मिळाल्यावर निम्मा वेळ ती दुसऱ्याच्याच घरी. कोणाची डिलिव्हरी, कोणाला शिवाजीनगरला एसटीवर सोडायचंय. थंडीत चालू होत नसे, आडवी करून मग किक, तोवर जाणाऱ्या-येणाऱ्या चार जणांशी गप्पा. मामी म्हणायची, चालू होत नाही म्हणूनच याला आवडते.

खडकीकर :
सगळं आईला वाचून दाखवलं. चाळणीला हसली. पेठेतल्या सूनबाईंचं दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, तिला लिही, चहा मी पण केला आयुष्यभर. आठ-दहा कपांचा अंदाज हाताला बसलाय गं बाई, आता दोनच कप टाकते तर रोज गोडमिट्ट होतो.