इंडी ऐकणाऱ्याने रेकॉर्ड घ्यायला सुरुवात कशी करावी? सल्ला हवाय

रिकामी_ओसरी:
मंडळी, जरा मदत करा. मी इतकी वर्षं फक्त स्ट्रीमिंगवर ऐकत आलेय, त्यातही जास्त करून छोट्या लेबलांचे किंवा स्वतःच सगळं करून अल्बम काढणारे बँड. आता त्यातल्या काही अगदी आवडत्या बँडनी विनाइल काढलंय आणि मला ते घ्यायचंच आहे, पण घरात टर्नटेबल नाही. काय घेऊ? ते सुटकेससारखे दिसणारे प्लेयर चालतात का? आणि आवाज खरंच एवढा वेगळा असतो का? शोभेला ठेवायला नकोय, रोज ऐकायचंय.

जुनी_पिन:
सुटकेसवाला नका घेऊ. बहुतेक स्वस्त मॉडेलांत सिरॅमिक कार्ट्रिज (पिनेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) असतं आणि आर्मच्या, म्हणजे ते धरणाऱ्या दांड्याच्या, मागे वजन नसतं, म्हणजे पिनेचा दाब आपल्याला कमी-जास्त करताच येत नाही. साध्या पण चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट (पिनेबरोबर छोटं चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजला साधारण २ ग्रॅम दाब पुरतो, हे डबे त्याच्या दुपटीहून जास्त टाकतात आणि रेकॉर्ड लवकर झिजते. साधं बेल्ट ड्राइव्ह (रबरी पट्ट्याने फिरणारं) टर्नटेबल घ्या, फक्त आर्मला फिरवायचं वजन हवं आणि पिन बदलता यायला हवी, एवढं बघा.

अजून एक, फोनो प्रीअँप लागतो. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच एवढी रुंद होते की एका बाजूवर फारसं मावतच नाही, आणि वरचे सूर वाढवतात म्हणजे खरखर दबते. वाजवताना प्रीअँप हे सगळं उलटं करतो आणि कार्ट्रिजमधून येणारा जेमतेम काही मिलिव्होल्टचा सिग्नल मोठा करतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो आणि लोकांना वाटतं टर्नटेबलच खराब निघालं. काही टर्नटेबलमध्ये तो आतच असतो, घेण्याआधी विचारून घ्या.

बाजू_ब:
वरच्या सगळ्याला अनुमोदन. आवाजाचं खरं सांगायचं तर मोजमापात सीडी पुढेच आहे, आणि आजच्या बऱ्याच रेकॉर्ड डिजिटल फाइलवरूनच कापल्या जातात. तरीही मी विनाइलच लावतो, कारण वेगळं आहे. १२ इंची एलपीच्या एका बाजूवर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने साधारण २२ मिनिटं बसतात, त्यापेक्षा जास्त भरलं की आवाज पातळ होतो. म्हणजे बँडला ठरवावंच लागतं की कुठलं गाणं ठेवायचं, कुठलं गाळायचं आणि बाजू कुठे संपवायची. त्यात पुन्हा मध्याकडे जाताना पिनेखालून दर सेकंदाला कमी खाच सरकते, त्यामुळे शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि झांजा फाटायला लागतात, म्हणून खूप जण बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवतात. हे कळल्यापासून मला अल्बमची रचनाच वेगळी ऐकू यायला लागली, आणि शफलवर ती कधीच कळली नसती.

गॅरेज_टेप:
@रिकामी_ओसरी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे की पैसे बँडच्या हातात जातात. रेकॉर्ड शक्यतो त्यांच्याकडूनच घ्या, गिगनंतरच्या (कार्यक्रमानंतरच्या) टेबलावरून नाहीतर बँडकँप या संगीत विकणाऱ्या साइटवरच्या त्यांच्या पानावरून. तिथे विनाइलबरोबर डिजिटल अल्बमही मिळतो. एका रेकॉर्डमागे बँडला जे सुटतं तेवढं स्ट्रीमिंगवरून मिळवायला किती वेळा गाणं वाजावं लागेल याचा विचार करा. आणि ही परंपरा जुनी आहे हो, सब पॉप या छोट्या लेबलने १९८८ मध्ये सिंगल्स क्लब (वर्गणीदारांना सिंगल रेकॉर्ड पाठवायची योजना) सुरू केला तेव्हा निर्वाणा बँडचं पहिलं सिंगल १००० नंबर घातलेल्या प्रतींतच काढलं होतं.

प्री-ऑर्डर केलीत तर धीर धरा. छोटं लेबल काहीशे प्रती काढतं, टेस्ट प्रेसिंग (नमुन्याच्या प्रती) ऐकून पास केल्यावरच बाकीच्या निघतात आणि कारखान्यात रांग असते. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला, मास्टर (ज्यावरून पुढे रेकॉर्ड छापतात ती मूळ प्रत) कापायला लागणाऱ्या लॅकर तबकड्या करणारे जगात तेव्हा जेमतेम दोन कारखाने होते, त्यातला तो एक. उशीर झाला म्हणून बँडवर चिडू नका एवढंच.

आणि रेकॉर्ड आली की मधल्या कागदी लेबलच्या कडेची रिकामी गुळगुळीत पट्टी उजेडात तिरकी धरून बघा. मास्टरवर कोरलेला नंबर दिसेल, बऱ्याचदा हाताने, कधी कधी एखादी ओळसुद्धा. ते बहुधा कापणाऱ्याचं अक्षर असतं, मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

रिकामी_ओसरी:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद! बेल्ट ड्राइव्ह नक्की. आता दोन शंका, १८० ग्रॅमवाली जड रेकॉर्ड जास्त पैसे देऊन घ्यावी का, आणि जुनी घेताना काय बघायचं?

जुनी_पिन:
१८० ग्रॅमने आवाज सुधारत नाही, मास्टरिंग आणि प्रेसिंग चांगलं हवं. जुन्यात व्हीजी प्लस (व्हेरी गुड प्लस, विकणारा रेकॉर्डच्या स्थितीला देतो ती ग्रेड) किंवा त्यावरची ग्रेड घ्या. नुसतं व्हीजी लिहिलेलं असेल तर शांत जागी चरचर ऐकू येणार हे धरून चाला. नखाला लागणारा ओरखडा असेल तर सोडून द्या. आडव्या थप्पीत ठेवू नका, उभ्याच ठेवा, उन्हापासून लांब, आणि लावण्याआधी दर वेळी कार्बन फायबर ब्रश फिरवा. कार्ट्रिज बसवताना अडलात तर फोटो इथेच टाका, बघून सांगतो.